चार फुटी चेंडू, साडेतीन फुटी दार

चेंडू जितका लहान तितके खेळणारे कमी, हे गणित कुठल्या पुस्तकात नाही. पण शाळेच्या कुंपणाला रेलून अर्धा तास उभे राहा, आपोआप सुटते. क्रिकेटचा चेंडू घ्या. परीघ जेमतेम २३ सेंटिमीटर. साठ मुलांच्या वर्गात तो दोघांचा असतो. एक टाकणारा, एक मारणारा. त्यातही मारणारा बहुधा बॅटचा मालक. उरलेल्या अठ्ठावन्नांपैकी दहा-बारा जण फील्डिंग या गोंडस नावाखाली उन्हात उभे असतात, पंधरा-वीस जण 'माझा नंबर कधी?' विचारत बॅटवाल्याच्या मागे फिरतात आणि राहिलेले कडुनिंबाखाली बसून एकमेकांना लिंबोळ्या मारतात. फुटबॉल जरा उदार. त्याचा परीघ ७० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे मागे पळायला तीस जणांना मुभा; पाय मात्र ठरलेल्या चौघांचाच लागतो. तास संपतो. वहीत सगळ्या वर्गापुढे 'मैदानी खेळ घेतले' अशी नोंद होते.

याला सरकार 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' म्हणते. मुले पी.टी. म्हणतात. दहावीच्या वर्गात याच तासाला गणिताचा जादा तास म्हणतात.

केडगावात आमच्या गच्चीवरून एका शाळेचे मैदान दिसते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण सांगितले की सत्कार होतो आणि सत्कारात भाषण करावे लागते. केडगाव म्हणजे नगरचा पुणे रस्त्याचा उंबरठा. नगर आता सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, पण एस.टी.च्या कंडक्टरची आणि आमची जीभ अजून सवयीने नगरलाच उतरते. रेणुकामातेचे देऊळ, नवरात्रातली गर्दी, पलीकडे नेप्तीचा कांदा बाजार, अलीकडे कायनेटिक चौक, ज्याच्या नावामागच्या कारखान्याने सगळ्या महाराष्ट्राला लुनावर बसवले. अशा गावात चार फूट व्यासाचा चेंडू येईल असे कोणाच्या स्वप्नात नव्हते. तो आला तोही बॅगेत घडी घालून.

झाले असे, की शाळेचा एक माजी विद्यार्थी कॅनडात असतो. दिवाळीला घरी आला. आईने त्याला पहिल्याच दिवशी सांगितले, "शाळेला काहीतरी दे, सगळे देतात." सगळे काय देतात हे मुख्याध्यापकांना पाठ होते: भिंतीवरचे घड्याळ, पाण्याचा कूलर, फारच कमावता असेल तर प्रोजेक्टर. याने एक गाठोडे काढून टेबलावर ठेवले. रंगीत कापडी खोळ, आत पातळ रबरी ब्लॅडर. शिपाईमामांनी खोळ उलगडून पाहिली आणि विचारले, "सर, तंबू हाय का?"

तो तिकडच्या क्वेबेक प्रांतातल्या एका खेळाचा चेंडू होता. व्यास १.२२ मीटर, वजन फक्त एक किलो. मुख्याध्यापकांनी आभार मानले आणि प्रोजेक्टरची आशा मनातल्या मनात मिटवली.

आता हवा. खेळाच्या सरांकडे सायकलचा पंप होता. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर आकडेमोड केली: एवढ्या गोलात साडेनऊशे लिटर हवा बसते, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीला थोडी कमी. पंपाच्या एका दमात अर्धा लिटर हवा धरली तर एकोणीसशे दम. आकडा ऐकून मुख्याध्यापक खाली बसले. मुले उठली. सातवी 'अ'ने पंप धरला, तास संपल्यावर 'ब'कडे सोपवला, 'ब'ने आठवीकडे. त्या दिवशी जेवढा व्यायाम झाला तेवढा त्या वर्षात झाला नसेल आणि खेळ तर अजून सुरूच व्हायचा होता. दुपारपर्यंत खोळ पोट सुटल्यागत जरा वर आली, एवढेच. शेवटी एका मुलाच्या चुलत्याची ओळख निघाली. नवरात्रात देवीच्या यात्रेत हवेचा किल्ला लावून पोरांना उड्या मारायला देणारा गडी गावातच होता. त्याने आपला विजेचा ब्लोअर आणला, नळी लावली, बटन दाबले आणि बिडी पेटवायला बाहेर गेला. तो परत येईपर्यंत चेंडू तयार.

फक्त, ऊन लागू नये म्हणून हे सगळे वर्गाच्या आत केले होते. चेंडू चार फुटांचा. दार साडेतीन फुटांचे.

पुढची वीस मिनिटे मी गच्चीवरून पाहिली आणि एवढे सांगतो, की शिक्षकवर्गाची खरी गुणवत्ता पटावर किंवा निकालात दिसत नाही, ती अशा वेळी दिसते. चित्रकलेच्या सरांनी खिडकीचे गज मोजले. मराठीच्या बाई म्हणाल्या, "आधी विचार करायला हवा होता," आणि हे वाक्य त्यांनी तीन वेगवेगळ्या काळांत म्हणून पाहिले. एका सरांनी सुचवले, "तिरका करून काढा." त्यांचा विषय भूमिती आहे. चार मुलांनी आतून रेटले, सहा जणांनी बाहेरून ओढले, चेंडू दारात अडकला तो असा, की आतल्यांना बाहेर येता येईना आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. आतून एक बारीक आवाज आला, "सर, डबा बाहेरंय." मग थोडी हवा काढली. हवा काढण्याच्या कामात मराठी माणसाला कोणाचे मार्गदर्शन लागत नाही, ते झटपट झाले.

माणसाला माणसापेक्षा मोठ्या चेंडूची हौस आजची नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावच्या क्रेन नावाच्या गृहस्थांनी १८९४ साली 'पुशबॉल' काढला. चेंडू सहा फूट व्यासाचा, वजन ५० पौंड, म्हणजे साधारण पावणेतेवीस किलो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी आणि १४० यार्डांचे मैदान. पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या पोरांनी तो ढकलायला घेतला. १९०२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याचा सामना झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कोणाला तरी वाटले की माणसांनी ढकलण्यात मजा नाही, म्हणून घोड्यावर बसून हाच खेळ सुरू केला; चेंडू घोड्यांनी छातीने ढकलायचा. घोड्यांचे मत कोणी विचारल्याचे आढळत नाही. हा खेळ फारसा फोफावला नाही. सहा फुटी चेंडू ठेवायचा कुठे, हा प्रश्न हार्वर्डलाही पडला असणार.

मग १९६०च्या दशकात, व्हिएतनाम युद्धाच्या गदारोळात, सॅन फ्रान्सिस्कोकडे स्टुअर्ट ब्रँड नावाच्या माणसाने पृथ्वीचे चित्र रंगवलेला मोठा चेंडू लोकांपुढे टाकला. निम्म्यांनी तो या टोकाला न्यायचा, निम्म्यांनी त्या टोकाला. लोक भिडले. पण गंमत अशी झाली, की चेंडू एका रेषेजवळ पोचला, आता जिंकणार, एवढ्यात जिंकणाऱ्यांतले काही जण गुपचूप पलीकडे जाऊन हरणाऱ्यांच्या बाजूने ढकलू लागले. का? तर खेळ संपू नये म्हणून. मी हे आमच्या कट्ट्यावर सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. पक्षांतर आम्हाला माहीत आहे, रात्रीतून झालेलेही माहीत आहे. पण जिंकणाऱ्याकडून हरणाऱ्याकडे? कट्ट्यावरचे एक जुने कार्यकर्ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "त्यांना तिकडं काहीतरी कबूल केलं असंल."

केडगावात आला तो चेंडू या घराण्यातला धाकटा. क्वेबेकमधल्या मारिओ देमेर नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी १९८६ साली 'किन-बॉल' हा खेळ काढला. एका शिक्षकाने काढलेला खेळ आहे हे त्याचे नियम वाचताच कळते, कारण प्रत्येक नियमामागे मैदानाच्या कडेला बसलेले एखादे पोर दिसते. यात एका वेळी दोन नाही, तीन संघ. प्रत्येकाचे चार गडी. ज्याच्याकडे चेंडू, त्याच्या तिघांनी तो खालून तोलून धरायचा आणि चौथ्याने मारायचा. मारताना चौघांचाही हात चेंडूला हवाच. मारण्याआधी 'ऑम्निकिन' असे ओरडून ज्या संघाकडे चेंडू पाठवायचा त्याचा रंग पुकारायचा. त्या संघाने चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला, तर गुण कोणाला? मारणाऱ्यालाही आणि त्या तिसऱ्यालाही, जो नुसता उभा होता.

चुकतो एक, फायदा दोघांना. हा नियम केडगावच्या मुलांना समजावून सांगावाच लागला नाही. नगर जिल्ह्यात राजकारण पक्षांचे नसते, सोयऱ्याधायऱ्यांचे असते, हे इथले पोर बारशातच शिकते. पहिल्याच सामन्यात लाल आणि निळ्याने डोळ्यांनी ठरवून टाकले आणि पुढची दहा मिनिटे पिवळ्याचे नाव सोडून कोणाचे नाव पुकारले गेले नाही. अडचण आली ती 'ऑम्निकिन' या आरोळीची. निम्मी मुले शाळेत ज्या गाडीतून येतात ती ऑम्नी. "ऑम्निकिन पिवळा!" असा पुकारा झाला की पिवळ्या संघातला एक बारका चेंडू सोडून फाटकाकडे बघायचा. त्याची व्हॅन लवकर आली असे त्याला वाटे.

पण हे पुढचे. पहिल्या दिवशी सरांनी नियमांच्या भानगडीत न पडता चेंडू मैदानाच्या मध्यभागी ठेवला, वर्गाचे दोन भाग केले आणि एवढेच म्हणाले, "ढकला."

सगळ्यांत आधी पुढे आला शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार. येणारच. मैदानावर जे काही गोल येते ते आपले, अशी त्याची चौथीपासूनची समजूत. त्याने पंधरा पावले मागे जाऊन स्टार्ट घेतला आणि जीव खाऊन लाथ घातली. पाय घोट्यापर्यंत चेंडूत गेला, चेंडूने तो क्षणभर ठेवून घेतला आणि सन्मानाने परत केला. चेंडू दीड-दोन हात सरकला. कर्णधार तेवढाच उलट्या दिशेने सरकून बसला. त्याला कुठे लागले नाही, पण चेहऱ्यावर जे उमटले ते सासऱ्याच्या दुकानात उधारी नाकारल्यावर जावयाच्या चेहऱ्यावर उमटते. मग पन्नास मुले एकदम चेंडूवर पडली.

मी अनेक वर्षे हे मैदान पाहतो आहे. सातवीत चष्मा लावणारी एक मुलगी आहे, जी पी.टी.च्या तासाला कायम धावफलक लिहिते. अक्षर चांगले आहे हे निमित्त. खरे म्हणजे चेंडू आला की ती डोळे मिटते. लहान चेंडूची भीती वाटतेच, तो कुठून येईल ते कळत नाही. हा चेंडू कुठून येतो हे पलीकडच्या गल्लीतूनही दिसते. आला तरी अंगावर रेलतो, लागत नाही. ती मुलगी चष्मा मैत्रिणीकडे देऊन घुसली आणि पाच मिनिटांनी चेंडूच्या खालून बाहेर आली, वेणी सुटलेली, पाठीला माती, तोंडभर हसू. ज्या नगरात सावित्रीबाई फुल्यांनी सिंथिया फरार बाईंकडे शिकवण्याचे धडे घेतले, तिथे मुलींनी पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसून धावा लिहायच्या, ही रीत कशी पडली कोण जाणे. शाळेला कोणी दोष देणार नाही, कारण सगळीकडे तसेच आहे.

आपल्या खेळांत 'कच्चा लिंबू' नावाचे एक पद असते. वयाने लहान, अंगाने बारीक किंवा नुकतेच मामाच्या गावाला आलेले पोर. त्याला खेळात घ्यायचे, पण बाद धरायचे नाही; म्हणजे घेतले असे त्याच्या आईला सांगता येते आणि घेतलेले नसते. मोठ्या चेंडूपुढे हे पदच रद्द झाले, कारण तिथे सगळेच कच्चे लिंबू. चेंडू कोणाच्या हातात मावत नाही, पायात राहत नाही, कोणाला 'माझा' म्हणता येत नाही. ड्रिबलिंग नाही, स्पिन नाही, यॉर्कर नाही. वर्षानुवर्षे उन्हाळी शिबिरे करून कमावलेले कौशल्य शून्यावर आणि ज्याला सगळे 'तू गोलकीपर हो, पळू नकोस' म्हणायचे त्या जाडगेल्या पोराचा भाव वधारला. तो नुसता टेकून उभा राहिला की त्याची बाजू हरत नाही. त्याच्या आयुष्यात प्रथमच दोन संघांत त्याच्यावरून भांडण झाले. तेही घेण्यावरून.

आणखी एक प्रकार फक्त याच खेळात घडू शकतो. चेंडू माणसाएवढा, त्यामुळे पलीकडे कोण ढकलतो आहे ते दिसत नाही. एकदा सगळी गर्दी पडून बाजूला झाली तरी दोन मुले चेंडूच्या दोन बाजूंना डोके लावून घामाघूम ढकलतच होती. चेंडू इंचभर हलेना. सरांनी शिट्टी मारून थांबवले तेव्हा कळले, दोघेही एकाच संघातले. "मला वाटलं पलीकडं लय ताकदीचा गडी हाय," पहिला म्हणाला. दुसरा म्हणाला, "मला बी." ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, त्या जिल्ह्यातल्या संचालक मंडळांच्या सभा पाहिलेल्यांना हे दृश्य परके वाटू नये.

केडगावचे दोन शत्रू या चेंडूला पहिल्याच पावसाळ्यात भेटले. एक वारा, दुसरा सराटा.

आषाढात इकडे पाऊस कमी आणि वारा फार. तिकडे सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. विज्ञानाच्या सरांनी मुलांना सांगितले होते, की चेंडूचे वजन एक किलो आणि त्याच्या आतल्या हवेचेही जवळजवळ तेवढेच. ऐकायला छान. पण चार फुटी गोलाला वाऱ्याने एकदा पाठीवर घेतले की एक किलो काय आणि दोन किलो काय. एका दुपारी चेंडू कुंपणाच्या पडक्या भागावरून टुणकन उडी मारून बाहेर पडला आणि पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेकडे निघाला. मागे आठवी 'ब'. पुढे गल्लीतली कुत्री, जी एरवी डंपरवरही भुंकतात. ती चेंडू पाहून आधी भुंकली, मग मागे सरली, मग एकमेकांकडे पाहून चक्क कोणाच्या तरी ओट्याखाली गेली. एक शेळी दोरी तोडून पळाली. कांद्याच्या गोण्या घेऊन चाललेला एक छोटा हत्ती कचकन थांबला, ड्रायव्हरने काच खाली केली, चेंडूला आडवे जाऊ दिले आणि मागून येणाऱ्या पोरांना शांतपणे विचारले, "काय रं, कुठल्या पक्षाचा प्रचार?" चेंडू शेवटी एका मंगल कार्यालयाच्या कमानीत अडकला. तिथे दाराचे माप मोठे होते, पण केळीचे खांब बांधलेले होते. वरपक्षाला वाटले वधूपक्षाची काही नवी कल्पना आहे. त्यांनी फोटो काढून घेतले.

माझ्या मनात त्या वेळी आले, की गोकुळातला चेंडू या मापाचा असता तर यमुनेत पडून बुडालाच नसता. वरच्या वर तरंगत काठाला लागला असता. कृष्णाला उडी मारायचे कारण राहिले नसते, कालिया आजही तिथेच निवांत असता आणि कीर्तनकारांचा एक अख्खा दिवस मोकळा गेला असता.

सराटा जास्त वाईट. वारा चेंडू पळवतो तरी, सराटा मुक्याने मारतो. नगरकडच्या माळरानावर चार पावसानंतर पिवळी फुले येतात, त्यांच्या पोटी हे त्रिकोणी काटे. सायकलची ट्यूब, चपलेचा तळ, अनवाणी टाच, सगळ्यांत त्यांना सारखीच गोडी. खोळ जाड होती म्हणून चेंडूने दोन महिने काढले. मग एका सोमवारी तो सभागृहाच्या स्टेजवर एका अंगावर कलंडलेला सापडला.

पंक्चर काढायला शिपाईमामा ब्लॅडर घेऊन पुणे रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. पंक्चरवाल्याचा शिरस्ता ठरलेला: ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्याच्या टपात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खिळ्याने खूण करायची. त्याने कंप्रेसर लावला. ब्लॅडर फुगत गेला. टप दिसेनासा झाला, मग स्टूल दिसेनासे झाले, मग पंक्चरवाला स्वतः. आतून आवाज आला, "बास का अजून?" टपात हा काही बुडणार नाही म्हणून दोघांनी तो मागच्या गोठ्यातल्या हौदावर नेला. म्हशीने तोंड वर करून पाहिले आणि पाणी सोडून दिले. दोघांनी मिळून ब्लॅडर दाबला. तो जेमतेम ओला झाला. मामा त्याच्यावर पालथे पडले. तो मामांना घेऊन तरंगला.

आर्किमिडीज इथे शाळेतून धावत आला, म्हणजे विज्ञानाचे सर आले. साडेनऊशे लिटर हवा पूर्ण पाण्याखाली न्यायची तर वरून साडेनऊ क्विंटल वजन हवे. "म्हणजे कांद्याच्या पन्नास किलोच्या एकोणीस गोण्या," त्यांनी केडगावच्या भाषेत सांगितले. पंक्चरवाला नेप्तीचा, त्याने लगेच विचारले, "आणि भाव काय धरायचा?" अखेर साबणाचे पाणी फडक्याने लावत लावत बुडबुडा शोधला, ठिगळ लावले आणि बिलाची वेळ आली. सायकलचे पंक्चर, मोटरसायकलचे, ट्रकचे, असे तीनच दर पाटीवर होते. बरीच चर्चा होऊन ट्रकच्या मागच्या चाकाचा दर ठरला. पावतीवर 'शालेय चेंडू' असे लिहिलेले पाहून मुख्याध्यापक म्हणाले, "ऑडिटला हे मी कोणत्या तोंडाने दाखवू?"

ऑडिट ही त्या चेंडूची खरी परीक्षा होती. शाळेत वस्तू आली की ती डेड स्टॉक रजिस्टरात चढते, मग ती कितीही जिवंत असो. क्लार्कने नाव लिहिले, संख्या एक लिहिली आणि 'वर्णन' या रकान्यापाशी थांबून खिडकीतून विचारले, "सर, हवेसह लिहू का हवेशिवाय?" प्रश्न वेडगळ नव्हता. वर्षअखेरीच्या पडताळणीत वस्तू नोंदीप्रमाणे भरली पाहिजे. चार फूट लिहिले आणि तपासणीच्या दिवशी पिशवीत निघाली तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. त्या पैशांत बॅटी येतात, रिंगा येतात, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या येतात आणि पुष्कळ ठिकाणी कपाटात जाऊन बसतात, कारण साहित्य हरवले तर जबाबदार कोण? खेळले नाही की हरवत नाही. या चेंडूचा मोठेपणा हा, की तो कुठल्याच कपाटात मावत नाही. कुलूप लावून ठेवता येत नाही म्हणून तो बाहेर असतो आणि बाहेर असतो म्हणून पोरे खेळतात. क्रीडा साहित्य वापरात आणण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही: कपाटापेक्षा मोठे साहित्य घ्यावे.

पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले, "याचे मार्क किती?" दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी, त्यामुळे प्रश्न रास्त. सरांनी सांगितले, की सध्या याचे काही नाहीत. वडील बसले. त्यांच्या शेजारचे उठले आणि म्हणाले, की पुण्यात राजू दाभाडे सरांनी २००३ मध्ये चाकाच्या बुटांवरचा रोलबॉल काढला, लोक हसले. २०११ ला त्याचा वर्ल्ड कप झाला, तोही पुण्यातच. "आपल्या पोरांनी आत्ताच हात घातला तर पुढं मागं स्पर्धा निघाली की आपण तयार." ही दूरदृष्टी सगळ्यांना पटली. लगेच पाच आयांनी विचारले, की याचा क्लास कुठे आहे, फी काय आणि बॅच सकाळची का संध्याकाळची. खेळाच्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे कोणी महत्त्वाच्या माणसासारखे पाहते आहे हे अनुभवले आणि गडबडून सांगितले, की क्लास नाही, मुलांनी फक्त ढकलायचे आहे. "फक्त ढकलायचं?" एक आई निराश होऊन म्हणाली. "मग ते आमचा आताही करतो. रिक्षात."

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मोठ्यांचा सामना ठेवला. किन-बॉलच्या नियमाने तीन संघ: शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षकांत भूमितीचे सर होते. समितीत दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, पण चौघांचा हात चेंडूला लागलाच पाहिजे या नियमामुळे त्यांना शेजारी उभे राहावे लागले; मुलांना हे फार आवडले. पालकांनी पुकारले, "ऑम्निकिन शिक्षक!" आणि चेंडू मुख्याध्यापकांवर असा काही आला, की त्यांनी दोन्ही हात वर करून त्याचे स्वागत केले आणि स्वागताच्या पवित्र्यातच ते त्याच्याखाली दिसेनासे झाले. पांढरी टोपी तेवढी बाहेर राहिली. सगळे मैदान श्वास रोखून थांबले. चेंडूखालून आवाज आला, "टेकलेला नाही! माझ्यावर आहे!"

मुद्दा बरोबर होता. चेंडू जमिनीला टेकला नव्हता, मुख्याध्यापक टेकले होते. नियमांत याबद्दल काय आहे ते पाहायला सरांनी मोबाइल काढला, रेंज गेली, तेवढ्यात जिलेबी आली आणि तिन्ही संघ परातीकडे गेले. गुण कोणाचे किती, यावर अजून एकमत नाही. शिक्षक म्हणतात चूक पालकांची. पालक म्हणतात चूक समितीची. समितीने ठराव केला आहे, पण तो लिहायचा कसा यावर समितीतले ते दोघे पुन्हा बोलायचे बंद झाले आहेत.